मजूरमंत्री बाबासाहेब आणि विजेचा हिशोब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्यासमोर राज्यघटना येते, महाडचं चवदार तळं येतं, नागपूरची दीक्षाभूमी येते. वीज काही येत नाही. आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांच्याही डोळ्यांसमोर येत नाही. पॉवर सिस्टिमच्या पुस्तकात १९४८ चा वीजपुरवठा कायदा, राज्य वीज मंडळं आणि प्रादेशिक ग्रिड हे सगळं दीड पानात उरकलेलं असतं. परीक्षेत त्यावर फार तर एक शॉर्ट नोट येते आणि आपण ती ऑप्शनला टाकतो. पण या सगळ्याची आखणी ज्या खात्यात सुरू झाली, त्या खात्याच्या खुर्चीवर तेव्हा कोण बसलं होतं, हे ना पुस्तक सांगतं ना व्हायवाला कोणी विचारतं. १९४२ ते १९४६ या चार वर्षांत त्या खुर्चीवर बाबासाहेब होते.

म्हणून मी त्यांचं चरित्र जरा वेगळ्या बाजूनं सांगणार आहे. जे सगळ्यांना पाठ आहे तिथून भरभर पुढे जाईन. मला खरं कुतूहल आहे ते एका प्रश्नाचं : गरीब देशात वीज पोहोचली असं आपण म्हणतो, तेव्हा ती नक्की कुणापर्यंत पोहोचली आणि ते मोजायचं कसं? हा प्रश्न आज संयुक्त राष्ट्रसंघापासून जागतिक बँकेपर्यंत सगळ्यांना पडलेला आहे. बाबासाहेबांच्या आयुष्यात तो वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो, असं मला वाचताना जाणवत गेलं.

जन्म १४ एप्रिल १८९१, महू इथला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. दापोली, सातारा करत हे कुटुंब मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. स्वयंपाक, झोपणं, अभ्यास, सगळं त्याच खोलीत. दिवसा एवढ्या माणसांत अभ्यास होणार कसा? मग सुभेदारांनी तोडगा काढला. पोरानं संध्याकाळी लवकर झोपायचं, वडिलांनी जागं राहायचं आणि रात्री दोनला त्याला उठवायचं. पहाटेपर्यंत अभ्यास. उजेडाला काय, तर घासलेटची चिमणी, तीही काचेविना. वात फडफडली की अक्षरं हलणार आणि काजळी नाकात जाणार.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. योगायोग असा की त्याच वर्षी ७ मे रोजी मुंबईच्या रस्त्यावर विजेवरची पहिली ट्राम धावली. म्हणजे शहरात वीज होती. पुढे १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस लोणावळ्याजवळच्या तलावांत साठवायचा, घाटाखाली सोडायचा आणि तयार झालेली वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. गिरणगावातली यंत्रं विजेवर फिरू लागली. वीज शहरात येणं वेगळं आणि शहरातल्या माणसाच्या डोक्यावर दिवा लागणं वेगळं, हे अंतर तेव्हापासूनचं आहे. बाबासाहेबांच्या लहानपणावर लिहिणारे त्या चिमणीला जिद्दीचं प्रतीक करून टाकतात. करोत बापडे. मला त्यात एका घराचा वीजपुरवठा दिसतो : शून्य युनिट.

एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए., बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, १९१३ ला न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. हा प्रवास सर्वांना माहीत आहे. पण एक गोष्ट आपण विसरतो. ते मुळात अर्थशास्त्राचे माणूस. वकिली नंतरची. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला.

त्याआधी १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला होता. मला तो फार आवडला, कारण त्याची पद्धत इंजिनिअरची आहे. त्या काळी सगळे म्हणत होते की आपल्या शेताचे तुकडे फार लहान झाले म्हणून शेती परवडत नाही. तुकडे जोडा, प्रश्न सुटेल. बाबासाहेबांनी विचारलं की लहान म्हणजे किती? एकर मोजून शेत लहान की मोठं ते ठरत नाही. त्या जमिनीवर किती माणसं राबताहेत, किती बैल, किती अवजारं, किती भांडवल आहे, त्या प्रमाणावर ते ठरतं. अवजारंच नसतील तर मोठं शेतसुद्धा तोट्याचं. आणि आपली खरी अडचण अशी की जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं लटकलेली आहेत, त्यांना दुसरं काम नाही. ही माणसं शेतीबाहेर काढायची तर उद्योग पाहिजेत. म्हणजे आधी मोजमापाचं एककच तपासायचं आणि मग उपाय सांगायचा. ही सवय त्यांना पुढे आयुष्यभर राहिली.

आता महाड. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सरकारी पैशातून चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असतील. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. झालं! कागदावर तळं सर्वांना खुलं. एखाद्या साहेबानं तेव्हा तक्ता भरला असता तर महाडच्या पुढे पाणी उपलब्ध अशी टिकमार्क केली असती. प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याला त्या पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर मारहाण झाली, नगरपालिकेनं ठराव मागे घेतला, खटला चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला. सोय असणं आणि सोय वापरता येणं यात किती अंतर असतं, हे ज्यानं स्वतः ओंजळ भरून दाखवलं, तोच माणूस पंधरा वर्षांनी देशाच्या विजेच्या खात्यावर आला. माझ्या मते हा साधा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. लोक मजूरमंत्री म्हणायचे. नावात मजूर असलं तरी खात्याच्या पोटात बरंच काही होतं : खाणी, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज. दुसरं महायुद्ध चालू होतं. कारखान्यांतल्या कामाचे तास, कामगार संघटना, खाणीतल्या बायकांचा प्रश्न हे सगळं त्यांनी हाताळलं. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसाखाणीत स्वतः खाली उतरले, मजुरांच्या वस्त्या पाहून आले. आपण बटण दाबतो तेव्हा दुसऱ्या टोकाला काय असतं ते पाहिलेला हा मंत्री. असे किती झाले असतील, देव जाणे.

युद्ध संपल्यावर देशाचं काय करायचं याच्या विचारासाठी सरकारनं पुनर्रचना समित्या नेमल्या होत्या. विजेसाठीच्या धोरण समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. २५ ऑक्टोबर १९४३ ला दिल्लीत तिची पहिली बैठक झाली. प्रांतांचे प्रतिनिधी होते, संस्थानांचे होते, वीज कंपन्यांचेही होते. त्यांच्यासमोर बाबासाहेबांनी जे भाषण केलं ते प्रत्येक इलेक्ट्रिकलच्या मुलानं एकदा वाचावं. त्यांनी प्रश्न मांडले. वीज सरकारच्या मालकीची असावी की खासगी? खासगी असेल तर लोकांच्या हितासाठी तिच्यावर कोणत्या अटी घालायच्या? कारभार केंद्रानं पाहावा की प्रांतांनी? वीज वाया न जाता स्वस्त आणि भरपूर मिळावी यासाठी व्यवस्था कशी हवी? आणि या सगळ्याच्या मागे त्यांनी एक मोठा प्रश्न ठेवला, की हा देश विजेची मागणी करतोच कशासाठी?

उत्तर त्यांनी १९१८ च्या निबंधातूनच आणलं होतं. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर उद्योग हवेत. उद्योग हवेत तर वीज हवी, आणि ती नुसती असून भागत नाही. स्वस्त हवी आणि भरपूर हवी. नाहीतर गरिबीचा फेरा सुटणार नाही. समितीचं काम तांत्रिक आहे, आपण तारा आणि खांबांपुरतं बोलू, असं म्हणून सुटका करून घेता येत नाही, हे त्यांनी तिथल्या मंडळींना सरळ सांगितलं.

त्या वेळी देशात वीज होती तरी किती? १९४७ सालचे आकडे उपलब्ध आहेत. संपूर्ण भारताची स्थापित क्षमता १,३६२ मेगावॉट. आज आपल्या एकट्या चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, म्हणजे सगळ्या देशाच्या दुपटीहून जास्त! दरडोई वापर वर्षाला १६.३ युनिट. हा आकडा पाठ करून सोडून देऊ नका, जरा गणित करा. ४० वॉटचा एक बल्ब एका युनिटात २५ तास जळतो. १६ युनिटांत ४०० तास. वर्षाचे दिवस ३६५. म्हणजे माणशी एक बल्ब, रोज तासभर. आणि हीसुद्धा सरासरी. यातली बरीचशी वीज मुंबई-कलकत्त्यासारखी शहरं आणि गिरण्याच खात होत्या. साडेपाच लाखांहून जास्त खेड्यांपैकी वीज असलेली खेडी होती दीड हजाराच्या आसपास. दरडोई हा शब्दच मोठा फसवा आहे. भागाकार करताना गिरणीमालक आणि गिरणीतला बदली कामगार एकाच छेदात जाऊन बसतात.

२ फेब्रुवारी १९४५ ला समितीची पुढची बैठक झाली. तोपर्यंत काम कागदावरून पुढे सरकलं होतं. नोव्हेंबर १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं होतं. देशभर पाहणी करायची, आकडे गोळा करायचे, कुठे पाणी आहे, कुठे कोळसा आहे, मागणी किती वाढेल ते पाहायचं आणि प्रांतांच्या सीमा न बघता योजना आखायच्या, असं त्याचं काम. एप्रिल १९४५ मध्ये पाण्यासाठी तसंच दुसरं मंडळ निघालं, त्याचे अध्यक्ष ए. एन. खोसला. आजचं केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि केंद्रीय जल आयोग यांची मुळं या दोन मंडळांत आहेत. तोपर्यंत जिथे नफा तिथे एखादी कंपनी लायसन घेऊन छोटं पॉवर हाऊस टाकायची आणि आपल्या शहरापुरती वीज विकायची. खेडं त्या हिशोबात कुठेच बसत नव्हतं. ज्याला आपण आज प्रादेशिक ग्रिड म्हणतो, त्या दिशेनं विचार सुरू झाला तो या टेबलांवर.

दामोदर नदीचं प्रकरण याच काळातलं आणि ते थोडं सविस्तर सांगायला हवं. ही नदी छोटा नागपूरच्या पठारावरून निघते आणि बंगालमध्ये उतरते. पुरासाठी बदनाम. जुलै १९४३ मध्ये तिचा बांध फुटला, रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटला आणि ऐन युद्धात कलकत्ता बाकी देशापासून तुटलं. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळानं लाखो माणसं मरत होती. बंगाल सरकारनं चौकशी समिती नेमली, तिच्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. अमेरिकेत १९३३ पासून टेनेसी नदीच्या खोऱ्यात एकच प्राधिकरण पूर, सिंचन, वीज आणि वाहतूक सगळं एकत्र बघत होतं. तसंच इथे करावं असं साहांचं म्हणणं. बाबासाहेबांचा कलही तिकडेच. टेनेसीवर काम केलेले डब्ल्यू. एल. व्हूर्डुइन हे इंजिनिअर तांत्रिक वीज मंडळात आले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी दामोदरचा आराखडा दिला. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात बंगाल, बिहार आणि केंद्र यांची परिषद झाली, ऑगस्टमध्ये पुन्हा झाली. दोन्ही वेळी अध्यक्षस्थानी बाबासाहेब. बिहारच्या जमिनीत धरण आणि बंगालला फायदा, मग पैसे कोणी द्यायचे? असले भांडण सोडवणं म्हणजे काय ते कृष्णा-गोदावरीच्या पाण्याचे वाद वर्तमानपत्रात वाचणाऱ्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला ओरिसाच्या नद्यांवर परिषद होती. तिथल्या आधीच्या समित्या महापुराकडे शत्रू म्हणून बघत होत्या. पाणी लवकरात लवकर समुद्रात कसं घालवायचं, एवढाच विचार. बाबासाहेबांनी उलट धरलं. पाणी जास्त आहे ही अडचण नाही, ते साठवत नाही ही अडचण आहे. साठवा, त्यातून शेतीला द्या, वीज काढा. मार्च १९४६ मध्ये महानदीवरच्या हिराकूड धरणाचा पायाचा दगड बसला.

१९४६ च्या मध्यावर ते कार्यकारी मंडळातून बाहेर पडले. पेरलेलं उगवलं ते स्वातंत्र्यानंतर. मार्च १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला आणि सप्टेंबर १९४८ मध्ये वीजपुरवठा कायदा. दोन्ही वेळी त्या खात्याचे मंत्री पुण्याचे काकासाहेब गाडगीळ होते आणि बाबासाहेब कायदामंत्री. या दुसऱ्या कायद्यानंच राज्य वीज मंडळं जन्माला घातली. आपलं एमएसईबी त्यातलंच. त्याचे तुकडे होऊन महावितरण वगैरे झालं २००५ साली, पण गावाकडे आजही लाईनमन आला की बोर्डाचा माणूस आला असंच म्हणतात.

इथे मला थोडं थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दामोदरवर आठ धरणं बांधायची होती, त्यातली तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच १९५३ ते १९५९ या काळात झाली. त्यांच्या पाण्याखाली अनेक गावं गेली, त्यात आदिवासी फार होते. तयार झालेली वीज कोळसाखाणी, पोलाद कारखाने, रेल्वे यांच्याकडे गेली, आणि धरणाच्या भोवतालची खेडी कित्येक वर्षं अंधारात राहिली. १९४३ च्या मांडणीत भर उद्योगांवर होता. उद्योग उभे राहतील, शेतावरची जास्तीची माणसं तिकडे जातील, असा तो हिशोब होता. तो निम्माच जुळला. उद्योग आले, पण शेतीवरचा भार हवा तितका कमी झाला नाही. स्वतः बाबासाहेबांना विजेच्या पुढचा प्रश्न दिसत होता, हे त्यांच्या १९४७ च्या राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनावरून कळतं. मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत आणि जमीनही सरकारनं घेऊन जातपात न बघता कसायला द्यावी, असं त्यात मांडलेलं आहे. त्यातलं जमिनीचं काही झालं नाही. ज्याला जमीन नाही त्याच्यापर्यंत वीज कशी पोहोचते, किंवा पोहोचत नाही, ते पुढे येईलच.

राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत आहे, नोंद क्रमांक ३८. केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. १९३५ च्या कायद्यातही ती समवर्तीच होती. पण मला घटनेतली दुसरीच गोष्ट विजेशी जोडावीशी वाटते. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा सभेपुढे मांडला, तेव्हा अनेकांची तक्रार होती की यात खेड्याला स्थान नाही. बाबासाहेबांनी ती तक्रार साफ उडवून लावली. त्यांच्या दृष्टीनं खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि जातीचं डबकं होतं. मसुद्यानं खेडं बाजूला ठेवून व्यक्ती हे एकक धरलं, याचा त्यांना आनंद होता. गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला गाव हा शब्द एकवचनी वाटणं शक्यच नव्हतं. एक गाव म्हणजे निदान दोन वस्त्या.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं.

घटनेनं व्यक्ती हे एकक घेतलं, पण विजेच्या खात्यानं खेडंच घेतलं. गावं मोजली जाऊ लागली. आणि गाव विद्युतीकरण झालं असं कधी म्हणायचं? १९९७ पर्यंतची व्याख्या ऐकून माझा विश्वास बसेना. गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत! म्हणजे शिवारात एका बागायतदाराच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर सुरू झाली की सगळं गाव हिशोबात उजळलं. घरात एक दिवा नसला तरी चालेल. आणि विहीर कोणाची असते? जमीन असेल त्याची. भूमिहीनाच्या वस्तीचा यात संबंधच नाही. महाडच्या ठरावातलं तळं आठवा.

१९९७ मध्ये व्याख्या थोडी घट्ट झाली, वीज लोकवस्तीच्या आत वापरली गेली पाहिजे. खरा बदल झाला २००४ मध्ये. आता गावात ट्रान्सफॉर्मर आणि तारा हव्यात, शाळा, पंचायत, दवाखाना यांत वीज हवी, आणि एकूण घरांपैकी निदान दहा टक्के घरांत वीज हवी. शिवाय जिथे दलित वस्ती असेल तिथे ट्रान्सफॉर्मर आणि तारा त्या वस्तीतही असल्या पाहिजेत, असं त्या व्याख्येत शब्दशः आलं. कायदा होऊन छप्पन्न वर्षं झाल्यावर सरकारी तक्त्यानं गावकुसाबाहेर पाहिलं. तरी दहा टक्केच! शंभर घरांच्या गावात नव्वद घरं अंधारात असली तरी गाव पास. आपल्याला पास व्हायला चाळीस लागतात.

२८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधल्या लायसांग गावात वीज पोहोचली आणि देशातलं शेवटचं गाव झालं असं जाहीर झालं. ते व्याख्येनुसार खरंच होतं. पण त्याच वेळी सौभाग्य योजनेखाली घराघरांत कनेक्शन द्यायचं काम चालू होतं, आणि मार्च २०२२ पर्यंत २ कोटी ८६ लाख घरांना वीज दिल्याची नोंद झाली. म्हणजे गाव हे एकक सोडून घर हे एकक धरल्याबरोबर कोट्यवधी अंधारी घरं दिसायला लागली. ती आधीही तिथेच होती. २०११ च्या जनगणनेत घरं मोजली होती, त्यात विजेचा उजेड असलेली घरं ६७ टक्के. अनुसूचित जातींच्या घरांत हेच प्रमाण ५९ टक्के.

आता पुढचा प्रश्न, की कनेक्शन म्हणजे तरी काय? आपल्यापैकी ज्यांनी बारावीचा अभ्यास लोडशेडिंगमध्ये केला, त्यांना हे समजावायला नको. मीटर आहे, बिल आहे, दिवा नाही. २०१५ साली जागतिक बँकेच्या ऊर्जा विभागानं मोजण्याची एक नवी रीत काढली. होय-नाही असं न विचारता घराला शून्य ते पाच अशी पायरी द्यायची. किती वॉट मिळतात, दिवसात किती तास, त्यातले संध्याकाळचे किती, किती वेळा जाते, व्होल्टेज बरोबर आहे का, परवडते का, कनेक्शन कायदेशीर आहे का, धोका किती, हे सगळं बघायचं. पहिल्या पायरीला दिवसातून चार तास, त्यातला एक संध्याकाळी. पाचवीला तेवीस तास. गंमत म्हणजे यात सगळ्यात खालचं वैशिष्ट्य जिथे मिळतं तीच घराची पायरी. एका विषयात नापास तर वर्ष नापास, आपल्यासारखंच! परवडणं आणि पुरेशी असणं हे दोन निकष पाहिले की मला १९४३ ची बैठक आठवते. स्वस्त आणि भरपूर हे दोन्ही शब्द तिथे होतेच, मध्ये सत्तर वर्षं आपण खांब मोजत बसलो.

आमच्या एनएसएसच्या शिबिरात आम्ही काही जणांनी हे छोट्या प्रमाणावर करून पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही. ट्रान्सफॉर्मर चावडीजवळ, आणि वस्ती ओढ्यापलीकडे, लाईनच्या अगदी शेवटी. वस्तीत सगळ्या घरांना मीटर होते, त्यामुळे कोणत्याही व्याख्येनं ती विद्युतीकृतच. संध्याकाळी सात वाजता आम्ही दोन गट केले. एक चावडीजवळ, एक वस्तीतल्या शेवटच्या घरात, दोन्हीकडे मल्टिमीटर, आणि दर पंधरा मिनिटांनी नोंद. नियमानुसार २३० व्होल्टपासून सहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे खाली २१६ पर्यंत ठीक. चावडीवरचा आकडा या हद्दीत राहिला. वस्तीतला एकदाही राहिला नाही. गावातल्या गिरण्या आणि मोटरी चालू झाल्या की ओढ्यापलीकडे बल्ब तांबडा व्हायचा, ट्यूब फडफडून विझायची. लांब लाईन, बारीक तार, टोकाला भार. व्होल्टेज ड्रॉपचं गणित आपण दुसऱ्या वर्षीच सोडवतो. त्या घरातली मुलगी दहावीला होती. ती आम्हाला म्हणाली की नऊनंतर मोटरी बंद झाल्या की उजेड बरा येतो, म्हणून ती आधी झोपून घेते आणि रात्री उठून अभ्यासाला बसते. आम्ही वहीत नऊनंतरचे रकानेही आखले आणि साडेअकरापर्यंत तिथेच थांबलो. शेवटची नोंद २१६ च्या थोडी वर होती.